आंबील ओढ्यातून पुण्यात

बूट काढा. मोजेही काढा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि मगच पुढचं पाऊल टाका. पुढे पाणी आहे.

गार लागलं ना? रात्रभर कात्रजच्या डोंगरातून वाहत आलंय ते. तळाशी काळे गुळगुळीत गोटे आहेत आणि त्यांच्यावर शेवाळ, तेव्हा टाच टेकवू नका, बोटांनी चाचपत चला. पिंडरीला काहीतरी लुचतंय ना, ती माशांची पिल्लं आहेत. त्यांना तुमची सवय नाही, एवढंच.

आता मान वर करा. तुम्ही आंबील ओढ्यात उभे आहात. काल संध्याकाळी आप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची पिशवी सांभाळत, रिक्षांना चुकवत तुम्ही जिथून गेलात, तो भाग इथून दगड फेकला तर पडेल इतका जवळ आहे. फक्त रिक्षा यायला तीनशे वर्षं आहेत. शनिवारवाडासुद्धा अजून नाही. त्याच्या जागी मोकळं रान आहे, आणि त्या रानात एक म्हैस तुमच्या जीन्सकडे टक लावून बघतेय.

उजव्या काठावर ती छोटी देवळी दिसते ना, ती जोगेश्वरी. तांबडी जोगेश्वरी. नवरात्र चालू आहे. शेंदूर ओला आहे, दिवे रात्रभर जळून आता धुरायला लागलेत, तेलकट धुराचा तो वास घशात उतरतोय. झेंडूच्या माळांचा उग्र दर्प, ओल्या लुगड्यांचा वास, शेण, कापूर, आणि या सगळ्यांच्या तळाशी चिखलाचा स्वतःचा असा एक थंड वास. गोंधळ्याच्या संबळीचा ठेका अजून थांबलेला नाही. वाजवणाऱ्याचे डोळे मिटलेत, हात चालूच आहेत.

ही गावाची देवी आहे, पण ती गावात नाही, वेशीबाहेर आहे. पुणं म्हणजे अजून तिकडे पूर्वेला, नदीकाठी दाटीवाटीनं बसलेलं कसबं. त्याच्या पलीकडच्या अंगाला नागझरी, अलीकडच्या अंगाला हा ओढा, वर मुठा. तीन बाजूंनी पाणी आणि मध्ये मूठभर घरं. ओढा ओलांडला की गाव संपलं. पश्चिमेच्या काठावर बाभळी आहेत, जोंधळ्याची रानं आहेत, आणि अंधार पडल्यावर तिकडे कुणी जात नाही. आजची सदाशिव, नारायण, शनिवार, सगळी पेठांची वस्ती तुमच्या डोळ्यांसमोर नुसती डोलतेय, कणसं धरून.

बाया पाण्यात उभ्या राहून धुणं आपटतायत. त्यांच्या मधून वाट काढताना जरा जपून. एक आजी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतेय.

"कुठनं आलात, दादा? परमुलखातलं दिसताय."

काय सांगणार तुम्ही? "पुण्याचाच आहे," असं म्हणून बघा. ती हसेल. सगळं पुणं तिच्या ओळखीचं आहे.

दुपार चढते तसं ऊन टोचायला लागतं. आश्विनातलं ऊन, त्याला पाऊस संपल्याची घाई असते. काठावरच्या उंबराखाली बसा, आजीनं दिलेली भाकरी खा. वर कारळ्याची चटणी आहे, ती जिभेला चिकटते. आभाळ निळं आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवा, अधूनमधून दक्षिणेकडे बघत राहा. कात्रजच्या डोंगरावर काळं धरलंय.

आजी आधी उठते. तिनं काहीही पाहिलेलं नाही, फक्त नाक वर केलंय. मग तुम्हालाही येतो तो वास, ओल्या मातीचा, पण इथली माती तर कोरडी आहे. पाण्याचा आवाज बदलतो. सकाळपासून चाललेली झुळझुळ थांबते आणि खालच्या स्वरात काहीतरी घरंगळायला लागतं. ते गोटे आहेत, एकमेकांवर आपटत येणारे. धुणं गोळा करा म्हणून कुणीतरी ओरडतं. तुम्ही आभाळाकडे बघता, तर अजून ऊनच आहे, आणि तेवढ्यात वळणावरून तांबूस गढूळ पाण्याची एक भिंत येते. तिच्या पुढ्यात फेस, काटक्या, एक अख्खी बाभूळ, आणि मुळांना गच्च धरून बसलेला सरडा.

पळा! देवळाच्या चौथऱ्यावर चढा. मघाशी तुम्ही जिथे उभे होतात तिथे आता पुरुषभर पाणी आहे. इथे एक थेंब पडलेला नाही. डोंगरात पडला, आणि डोंगर किती जवळ आहे ते ओढ्यानं दाखवलं. फार तर दहा-बारा किलोमीटरचा हा ओढा. त्याला फुगायला दिवस लागत नाही, घटका लागते. गावाला हे ठाऊक आहे, म्हणून काठ मोकळा आहे. देवीचा चौथरा उंच आहे. घरं मागे आहेत. तासाभरात पाणी ओसरेल आणि बाया चिखल तुडवत परत येतील, हरवलेली खणाची चोळी शोधत.

इथे मी तुमचा हात धरून क्षणभर थांबतो. याच दिवसांतली, याच डोंगरातल्या पावसाची आणखी एक रात्र आहे, पण तिथे मी तुम्हाला नेणार नाही. ती 25 सप्टेंबर 2019 ची. नवरात्र तोंडावर आलेलं, टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, दांडेकर पुलाचा परिसर, लोक जेवून झोपायच्या तयारीत. तोच आवाज आला असणार, गोटे घरंगळण्याचा, पण टीव्ही चालू होते. भिंती पडल्या, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. ज्यांची घरं पाण्याला लागून होती त्यांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती. आणि वर्षभर ज्याला आपण नाला म्हणत होतो, त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी सरकत सरकत आलो होतो. जोगेश्वरीच्या काठच्या त्या आजीला जे नाकानं कळलं, ते आपल्याला यंत्रांनी कळायला हवं होतं. याचा मला राग आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

चला. ओढ्याच्या उलट्या दिशेनं चाला, पाण्याच्या विरुद्ध, पर्वतीकडे. चालता चालता काही दशकं मागे पडू द्या. वाटेत शनिवारवाड्याच्या बुरुजांवरून पहारेकऱ्यांच्या हाका ऐकू येतील, बाभळींच्या जागी वाड्यांचे पाये दिसतील. 1750 च्या आसपास पोचलात की तुम्हाला धूळ लागेल. थांबा, नाकातोंडावर फडकं बांधा.

नानासाहेब पेशव्यांचा काळ आहे. पर्वतीवर देवदेवेश्वराचं नवं देऊळ झालंय, त्याचा कळस उन्हात डोळे दिपवतोय. आणि टेकडीच्या पायथ्याशी तळं बांधायचं काम चालू आहे. ओढ्याला आडवा बांध घालायचा, पाणी साठवायचं, साधारण 25 एकरांवर पसरवायचं, मध्ये बेट ठेवायचं, त्यावर बाग करायची. आणि ओढ्याची धार शहराच्या अंगावरून काढून पश्चिमेला वळवायची, म्हणजे जोगेश्वरीपाशी ज्यानं तुम्हाला चौथऱ्यावर चढवलं ते पाणी पुन्हा तिकडे जाणार नाही आणि पेठांना पसरायला कोरडी जमीन मिळेल. आज दांडेकर पुलाखालून दत्तवाडीकडे जाणारा आंबील ओढा दिसतो, तो या वळवल्यानंतरचा. कागदावर हे एका ओळीत लिहून होतं. इथे मात्र हजारो हात लागलेत, आणि थोड्या वेळात तुमचेही लागणार आहेत.

आवाज ऐका आधी. पाथरवटांच्या छिन्न्या, शेकडो, प्रत्येकीचा सूर वेगळा, कारण प्रत्येक दगडाची घट्टाई वेगळी. वडारांचे घण पडतात तेव्हा पायाखालची जमीन हलते आणि दातांपर्यंत ते जाणवतं. गाढवांच्या रांगा मातीची गोणी वाहतायत, त्यांच्या मागे मुलं, मुलांच्या मागे शिव्या. उजवीकडे चुन्याची घाणी आहे. बैल गोल फिरतोय, दगडी चाक खोबणीतून कुरकुरतंय, आणि त्याखाली चुना, वाळू आणि पाणी मळून मळून लोण्यागत होतंय. जवळ जाऊ नका फार. लोणाऱ्याच्या भट्टीतून आत्ताच काढलेला चुना विझवतायत. तो पाण्यात पडला की फसफसतो, उकळतो, आणि त्याची वाफ डोळ्यांत गेली तर दुपार वाया गेली समजा. लोणाऱ्याच्या हातांकडे बघा. बोटांची टोकं पांढरी पडलीत, भेगाळलीत. चुन्यानं खाल्लीत ती.

ऊन असं की उघड्या दगडाला तळवा टेकवत नाही. पाणी पाजणारी पोरगी कळशी घेऊन फिरतेय, ओंजळ पुढे करा. पाण्याला मातीची चव आहे. ओढ्याचंच आहे.

"बसून काय राहिलात, पाव्हणं? धरा!"

धरा. पाटीत दगड आहेत, डोक्यावर चुंबळ ठेवा आधी, नाहीतर टाळू सोलून निघेल. रांग सुरू होते खाणीच्या बाजूला आणि संपते बांधावर. तुमच्या पुढे एक बाई आहे, तिच्या पाठीला झोळीत मूल बांधलंय आणि डोक्यावर तुमच्यापेक्षा मोठी पाटी. ती वळूनही बघत नाही. दहाव्या खेपेला तुमची मान आखडते. विसाव्या खेपेला तुम्ही मोजणं सोडून देता. बांधावरचा गवंडी प्रत्येक दगड हातात घेतो, फिरवतो, पुन्हा फिरवतो, मग एका जागी बसवतो, आणि तो असा बसतो की त्याच्या आजूबाजूला कागद शिरणार नाही. इथे तुम्हाला एक गोष्ट कळेल जी पर्वतीवरून खाली बघणाऱ्याला कधीच कळणार नाही: पाणी अडवणं म्हणजे पाण्याशी भांडणं नाही, त्याला कुठे जायचंय हे आधी ओळखणं आहे. गवंडी खाली वाकून ओलीला बोट लावतो, वास घेतो, आणि सांगतो, "इथं पाझरणार. इथं दोन थर वाढवा." त्याचं नाव कुठल्याही बखरीत नाही.

संध्याकाळच्या सुमाराला सगळीकडे एकदम शांत होतं. घण थांबतात. मग घंटा वाजते, हत्तीच्या गळ्यातली. श्रीमंतांची स्वारी आली. लोक वाट सोडतात, मुजरे झडतात, भालदार ललकारतो. हत्ती जवळून जातो तेव्हा त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येते आणि ओल्या गवताचा भपकारा येतो. वर अंबारीत नानासाहेब, कपाळाला गंध, डोळे बांधावर. काम पुढे सरकत नाही. तळं लवकर व्हायला हवं, पाऊस तोंडावर आलाय.

आणि मग जे होतं ते पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. तुम्ही आज ते समोर बघताय. पेशवे हत्तीवरून उतरतात. काही न बोलता वाकतात, एक दगड उचलतात, बांधावर नेऊन ठेवतात. परत येतात, दुसरा उचलतात. क्षणभर कुणाला कळत नाही काय करावं. मग एक सरदार जरीचा शेला कमरेला आवळतो. दुसरा पगडी काढून कारकुनाच्या हातात देतो. आणि पुढच्या काही पळांत पेशव्यांच्या दरबारातली झाडून सगळी माणसं, मानकरी, मुत्सद्दी, मोत्यांचे कंठे घातलेले, अत्तराचे फाये कानात खोचलेले, दगड वाहतायत. एकाचा चढाव चिखलात रुततो आणि तिथेच राहतो. तुमच्या रांगेत, तुमच्या मागे, एक जाडजूड सरदार धापा टाकत उभा आहे. त्याला चुंबळ कशी करतात ते माहीत नाही. दाखवा त्याला.

पुढची ती पाठीला मूल बांधलेली बाई आता मात्र वळून बघते. मोठ्यांदा हसते. आज बांध भराभर चढणार आहे.

आता तीसेक वर्षांनी पुढे या. घामेजलेले कपडे तळ्यातच धुवून घ्या, तळं भरलंय.

पाणी इतकं की पर्वती त्यात उलटी दिसते. मध्ये बेटावर बाग आहे, आणि 1784 मध्ये तिथे सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसलाय. त्याच्याकडे जायचं तर नावेतून जायला लागतं. बसा, पण कडेला नको, नाव कलते. नावाडी वल्हं मारतो तेव्हा पाण्याखालून कमळाच्या देठांची खरखर नावेच्या तळाला लागते. हात पाण्यात सोडा. वरचं पाणी उन्हानं कोमट, हातभर खाली गार. पाणकोंबड्या पळतात. मासे उड्या मारतात. लहान मुलं काठावरून लाह्या टाकतायत आणि तिथे पाणी नुसतं उकळल्यागत दिसतंय.

अचानक नाव हलते. नावाडी दचकलेला नाही, तुम्ही दचकलात. तो आवाज पर्वतीच्या पायथ्याकडून आला, छातीच्या आत कुठेतरी थरथरला.

"सिंह हाय," नावाडी म्हणतो. "श्रीमंतांचा शिकारखाना. भूक लागली की बोलतो."

कोवळ्या पेशव्याला प्राण्यांचा नाद आहे. सिंह आहे, गेंडा आहे, वाघ, हरणं. रोज संध्याकाळी पेठांतले लोक बघायला येतात आणि मुलं गेंड्याला बघून रडतात. तुम्हाला ठाऊक आहे पुढे काय होणार. तळं गाळानं भरेल, पाणी आटेल, ती जागा कोरडी होईल, आणि 1953 मध्ये याच तळ्याच्या तळावर पेशवे उद्यान उभं राहील, पिंजऱ्यांसह. तुम्ही लहानपणी जिथे हत्तीला ऊस दिलात, फुलराणीत बसायला हट्ट केलात, तिथे या क्षणी तुमच्या नावेखाली दोन पुरुष पाणी आहे. सारसबागेतल्या गणपतीला आपण चालत जातो. त्याच्याभोवती पाणी होतं हे माहीत असलेल्या माणसांसाठी तो अजून तळ्यातला गणपती आहे.

नावेतून उतरलात की गर्दीत सापडाल. श्रावण आहे. रमणा भरलाय. दक्षिणेसाठी दूरदूरहून ब्राह्मण आलेत, काशीचे, कोकणातले, तैलंगणातले. कुणी महिनाभर चालत आलाय. भिंतींनी वेढलेल्या त्या मोठ्या आवारात एकेकाला आत घेतात, आणि दारातच एकजण लाल रंगाच्या काहिलीत हात बुडवून आत जाणाऱ्याच्या कपड्यावर छाप मारतो, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा येऊ नये. पावसाची रिपरिप चालू. रंग पांढऱ्या पंचांवरून ओघळतोय. शेकडो माणसं एकमेकांना चिकटून तासन् तास उभी, ओल्या उपरण्यांचा, घामाचा, चंदनाचा, तुपाचा वास. मंत्र कुठे संपतात आणि कुरबूर कुठे सुरू होते ते कळत नाही. एक म्हातारे गुरुजी चक्कर येऊन खाली बसलेत, त्यांना कुणीतरी ओढ्याचं पाणी आणून पाजतंय. तुम्ही बाहेरच थांबा. तुमच्या शर्टावर तो लाल हात उमटला तर तुम्हाला संध्याकाळपर्यंत सोडणार नाहीत.

आणि आपल्याला अजून लांब जायचंय. ओढ्याच्या काठानं दक्षिणेकडे. पद्मावतीच्या रानातून, धनकवडीच्या शेतांमधून, कात्रजपर्यंत. पाय दुखतील. वाटेत एक गोष्ट दिसत राहील: मैदानात मधेच उभे असलेले दगडी मनोरे, पुरुष-दीड पुरुष उंच. त्यांना उच्छ्वास म्हणतात. एकाच्या झरोक्याला कान लावा.

ऐकू आलं? पाणी चाललंय. तुमच्या पायाखालून.

कात्रजला दोन तळी आहेत. पावसाचं पाणी आधी वरच्यात येतं, तिथे गाळ बसतो, मग निवळलेलं पाणी खालच्यात. आणि खालच्या तळ्यातून एक नळ निघतो. नळ म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर जी नळी येते ती नव्हे. दगडचुन्याचं बांधलेलं भुयार, माणूस आत चालू शकेल एवढं. उतरा. पायऱ्या निसरड्या आहेत.

आत अंधार असा की डोळे उघडे आहेत का मिटलेत ते हात लावून बघावं लागतं. पाणी घोट्यापर्यंत. भिंती ओल्या, चुन्याचा गुळगुळीत गिलावा हाताखाली, मध्येच एखाद्या गवंड्याच्या पंजाची खूण. बाहेरचा उन्हाळा, पावसाळा, मोहिमा, मसलती, काही इथे पोचत नाही. फक्त तुमच्या पावलांचा चुबुक चुबुक आवाज पुढे जातो आणि परत येतो. श्वास जड व्हायला लागतो. घाबरू नका, चालत राहा, आता वरून उजेडाचा एक खांब पडलेला दिसेल. तो उच्छ्वास. त्याच्याखाली उभे राहा, तोंड वर करा, वरून गवताच्या वासाची हवा येते. इथे तळाला खोलगट हौदी केलीय, पाणी तिच्यात क्षणभर विसावतं, उरलासुरला गाळ टाकतं आणि पुढे निघतं. जवळजवळ तीन कोस हे पाणी असंच जातं. ना मोट, ना रहाट, ना माणसाचा हात. नुसत्या उताराच्या जोरावर. ज्यांनी हा उतार साधला त्यांच्याकडे दोरी होती, पाणी होतं आणि नजर होती. मला या शहरातली याहून सुंदर इमारत माहीत नाही, आणि ती कुणाला दिसत नाही.

आता लक्षात येतंय का तुम्ही कशातून चालताय? हे आंबील ओढ्याचंच पाणी आहे. त्याच डोंगरातलं. वरून जे येत होतं आणि जोगेश्वरीपाशी गावाला धडकी भरवत होतं, त्याला पर्वतीजवळून वळवून शहराबाहेर काढलं. आणि त्याच ओढ्याला इथून, जमिनीखालून, निवळून, शांत करून परत शहरात आणलं. शनिवारवाड्यातली कारंजी याच पाण्यावर उडतात.

पुढे शाखा फुटतात, नळ अरुंद होत जातो, तुम्हाला वाकावं लागेल, मग रांगावं लागेल. माणसांचे आवाज यायला लागलेत. इथे वरची शिळा जरा सरकलेली आहे, ढकला तिला. या बाहेर.

काळा हौद. सकाळची वेळ, आणि पुण्याचा सगळा गोंगाट इथे जमलाय. तांब्या-पितळेच्या घागरी एकमेकींवर आपटतायत, पखालींचे रेडे शेपट्या मारतायत, पखालीच्या ओल्या चामड्याचा वास आंबलेल्या दह्याच्या वासात मिसळतोय, कारण शेजारीच गवळण बसलीय. दगडाच्या कडेवर दोरांनी पडलेल्या खाचा बघा, बोट जाईल एवढ्या खोल. कुणाची सून माहेराहून परत आली नाही, कुणाच्या नवऱ्याचं उत्तरेकडून सहा महिन्यांत पत्र नाही, कुणाच्या वाड्यात चोरी झाली, सगळं इथे कळतं. एक बाई घागर भरून तुमच्या हातात देते.

"धरा जरा, भाऊ. दुसरी भरून घेते."

धरलीत? जड आहे. पाणी हिंदकळून मनगटावर सांडतंय, कात्रजइतकं गार. आता उजवीकडे बघा, हौदापासून वीसेक पावलं लांब, भिंतीच्या सावलीतसुद्धा नाही, उन्हात. एक मुलगी रिकामं मडकं घेऊन उभी आहे. पहाटेपासून उभी आहे. तिला या दगडाला हात लावायची परवानगी नाही. कुणाला दया आली तर तो वरून धार धरेल, नाही आली तर ती मैलभर खाली जाऊन डबक्यातलं भरेल. ज्या शहराला तीन कोसांवरून अंधारातून पाणी आणायचं कसब होतं, त्याला ही वीस पावलं ओलांडता आली नाहीत. आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे जोतीराव फुले याच शहरात होणार आहेत, पण ते साल आहे 1868. त्याला अजून बराच अवकाश आहे, आणि तिला तहान आत्ता लागलीय.

वरून ओतू नका. जवळ जा, घागर तिच्या हातात द्या, पूर्ण घागर. ती मागे सरेल, तिला भीती वाटेल, तरी द्या. बोटांना बोटं लागू द्या.

मागे आरडाओरडा सुरू झालाय ना? होणारच. पितळेची घागर होती, तिची मालकीण कमरेला पदर खोचून निघालीय, पखालवाला रेडा सोडून तुमच्याकडे धावतोय आणि कोतवालीचा शिपाई कोपऱ्यावरून वळतोय. मुलीला म्हणावं, त्या बोळातून जा. तुम्ही इकडून. पळा!